"सगळ्यांना कळवा" म्हणजे नेमकं कोणाला? डिझाइन पॅटर्न आणि फॉर्मल लॉजिक

नांदेडहून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "प्रोजेक्टला डिझाइन पॅटर्न फॉर्मल लॉजिकमध्ये मांडायचा विषय मिळाला आहे. ऑब्झर्व्हर, स्ट्रॅटेजी, कॉम्पोझिट यांच्या आकृत्या मला काढता येतात, कोडही लिहिता येतं. मग तेच उलट्या 'ए'च्या सूत्रांत लिहून जास्तीचं काय मिळतं? आणि सुरुवात कुठून करू?"

डिझाइन पॅटर्न म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये वारंवार येणाऱ्या अडचणीवरचं, नाव दिलेलं उत्तर. त्याचं सूत्र लिहायला बसलं की आपण आजवर काय बोललोच नव्हतो ते समोर येतं. माझ्या मते या खटाटोपाचं कारण एवढंच आहे आणि ते पुरेसं आहे. पण हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

छत्रपती संभाजीनगरात राहून बाजार समित्या, जिनिंग, साखर कारखाने यांची सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी बावीस वर्षं गेली. मराठवाड्यातल्याच एका मोंढ्यासाठी आम्ही सौद्याचा प्रोग्राम केला होता. शेतकऱ्याच्या मालाचा भाव संगणकात बदलला की तो तीन ठिकाणी जायचा: मोंढ्यातल्या फलकावर, आडतीवरच्या हिशोब पट्टीत आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर. भाव हा सब्जेक्ट, म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो; बाकीचे तीन ऑब्झर्व्हर, म्हणजे लक्ष ठेवणारे. आकृती पुस्तकात आहे तशी. काम सुरू झालं, सोयाबीनचा एक हंगाम निघत आला आणि एक दिवस एक शेतकरी काका मोबाइल आणि पट्टी दोन्ही हातात धरून कार्यालयात उभे राहिले. मोबाइलवर सकाळचा भाव, पट्टीवर दुपारचा. "यातला खरा कोणता?" एवढंच त्यांनी विचारलं. पट्टी बरोबर होती. शेवटच्या भावाचा संदेश त्यांना गेलाच नव्हता.

शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. काकांनी जागेवरच रोख पट्टी घेतली होती. रोख पट्टी छापून झाली की तिचं काम संपतं, म्हणून तिला कळवलं जात असतानाच ती स्वतःला यादीतून काढून घ्यायची. यादी जावाच्या ॲरेलिस्टमध्ये होती आणि तिच्यावरून साधा फॉर-ईच लूप, म्हणजे एकेक नाव घेत जाणारी फेरी, फिरत होता. यादीत तीन नावं, पट्टी दुसरी. दोन नावं घेऊन झाल्यावर कर्सर, म्हणजे किती नावं झाली ते धरून ठेवणारा आकडा, २ वर असतो. पट्टी निघून गेल्यामुळे यादीची लांबीही २ झाली. लूपला वाटलं, संपली यादी. तिसरा, म्हणजे मोबाइलचा ऑब्झर्व्हर, तसाच राहिला. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. यादीत चौथं नाव असतं तर पुढच्याच फेरीला जावानं एक्सेप्शन फेकून आरडाओरडा केला असता आणि चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. काढलेलं नाव शेवटून दुसरं असलं तरच हे असं गुपचूप घडतं. उरलेले शेतकरी संध्याकाळी पट्टी घेत, त्यामुळे त्यांचे संदेश व्यवस्थित जात होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. आमची आकृती चुकली होती का? नाही. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडेस या चौघांनी १९९४ मध्ये तेवीस पॅटर्न मांडले. त्यांच्या ऑब्झर्व्हरचा आशय असा की एकाची स्थिती बदलली की त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या सगळ्यांना आपोआप कळावं. आम्ही तेच केलं होतं. गोंधळ "सगळ्यांना" या शब्दात होता. सगळे म्हणजे भाव बदलला त्या क्षणी जोडलेले? की कळवण्याची पाळी येईल तेव्हा जोडलेले? आणि कळवणं चालू असताना कोणी आलं किंवा गेलं तर? मराठी वाक्यात हे प्रश्न लपून बसतात. आकृतीत तर ते कुठे काढायचे यालाच जागा नाही.

सूत्रात मात्र लपता येत नाही. स म्हणजे सब्जेक्ट, न म्हणजे निरीक्षक, म्हणजे ऑब्झर्व्हर. ∀, म्हणजे तोच उलटा 'ए', म्हणजे "प्रत्येक"; ∧ म्हणजे "आणि", ∨ म्हणजे "किंवा", ¬ म्हणजे "नाही", ⇒ म्हणजे "जर-तर". □ म्हणजे "नेहमी", ◇ म्हणजे "आत्ता किंवा पुढे कधीतरी". मग:

∀ स, न : □ ( बदल(स) ∧ जोड(न, स) ⇒ ◇ कळव(न, स) )

भाव बदलला तेव्हा जो जो जोडलेला आहे, त्याला त्याला कधीतरी कळेलच. वाचायला छान आहे. पण कळायच्या आधीच एखादा स्वतःहून निघून गेला तर? या सूत्राप्रमाणे त्यालाही कळवावंच लागेल. ते आपल्याला नको असेल, तर उजवी बाजू बदलावी लागते:

∀ स, न : □ ( बदल(स) ∧ जोड(न, स) ⇒ ◇ ( कळव(न, स) ∨ ¬जोड(न, स) ) )

आणि गेलेल्याला मागाहून कळवू नये, हे वेगळं सांगावं लागतं:

∀ स, न : □ ( कळव(न, स) ⇒ जोड(न, स) )

या तीन ओळींपैकी कोणत्या हव्यात हा निर्णय आमच्या टीममध्ये कोणी घेतलाच नव्हता. जावाच्या लूपनं तो आमच्या वतीनं घेऊन टाकला. दुरुस्ती करतानाही हेच आडवं आलं. पहिली सूचना अशी की कळवण्याआधी यादीची नक्कल काढा आणि नकलेवर लूप फिरवा. त्यानं दुसरी ओळ पाळली जाते, पण तिसरी मोडते, कारण मधेच गेलेल्याचं नाव नकलेत शिल्लक असतं. शेवटी नक्कल काढली, आणि प्रत्येकाला कळवण्याआधी तो अजून जोडलेला आहे का हेही तपासलं. ही जास्तीची तपासणी कशाला, असं नव्या मुलांनी विचारलं की मी त्यांना तिसरी ओळ दाखवतो. ती कोडच्या वर कॉमेंट म्हणून लिहून ठेवली आहे.

□ आणि ◇ कुठून आले तेही सांगतो. प्रोग्रामच्या वागण्यासाठी टेम्पोरल लॉजिक, म्हणजे काळाबद्दल बोलणारं तर्कशास्त्र, वापरायची वाट अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये दाखवली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावरून टीएलए (टेम्पोरल लॉजिक ऑफ ॲक्शन्स) उभं केलं, ज्यात सगळा प्रोग्राम एक-एक कृतीनं पुढे सरकतो. पॅटर्नच्या बाबतीत टॉमी मिक्कोनेन यांनी १९९८ मध्ये नेमका ऑब्झर्व्हर घेऊन हे करून दाखवलं. टीएलएवर उभ्या असलेल्या डिस्को या पद्धतीत त्यांनी जोडणं, सोडणं, कळवणं, अद्ययावत होणं या चार स्वतंत्र कृती केल्या. कळवणं ही वेगळी कृती आहे असं एकदा मानलं की "तिच्या आधी-नंतर दुसरी कृती घुसली तर?" हा प्रश्न आपोआप येतो. आमची चूक त्याच फटीत होती.

टेम्पोरल भाग मी आधी घेतला कारण माझा जीव तिथे अडकला होता. पण पाठ्यक्रमात बहुधा रचनेपासून सुरुवात होते, तर तेही पाहू. रचनेसाठी साधं फर्स्ट ऑर्डर लॉजिक पुरतं, म्हणजे ज्यात "प्रत्येक" आणि "निदान एक" म्हणता येतं पण काळ नसतो. क्लास, म्हणजे वस्तू बनवायचा साचा, आणि मेथड, म्हणजे त्याला करता येणारं काम, हे त्यातले घटक. त्यांच्यातली नाती म्हणजे प्रेडिकेट: वारसा, हाक मारणं, निर्माण करणं, संदर्भ धरून ठेवणं. फॅक्टरी मेथड घ्या. प्रत्येक निर्मात्या क्लाससाठी एक वस्तू-क्लास असतो आणि निर्मात्याची मेथड त्याची वस्तू बनवते. इथे मुलं हमखास घसरतात ती क्वांटिफायरच्या, म्हणजे ∀ (प्रत्येक) आणि ∃ (निदान एक) यांच्या क्रमावर. आपल्याकडच्या उन्हाळ्यातलं वाक्य घ्या: "प्रत्येक गावाला एक टँकर आहे." गावागणिक स्वतंत्र टँकर, की एकच टँकर साऱ्या गावांना पुरवायचा? ∀ गाव ∃ टँकर आणि ∃ टँकर ∀ गाव यांतला फरक ज्या गावाला पाणी मिळालं नाही त्याला समजावून सांगावा लागत नाही. फॅक्टरी मेथडमध्ये यापेक्षाही कडक अट हवी असू शकते: निर्माते आणि वस्तू यांची एकास एक जोडी. ॲम्नॉन इडन यांच्या लेपस या भाषेत अशी जोडी सांगायला खास प्रेडिकेट आहे, आणि क्लासच्या संचांबद्दल एका फटक्यात बोलता येतं. पॅटर्नमध्ये क्लास किती हे आधी ठरलेलं नसतं, म्हणून हे फार कामाचं आहे.

आता सूत्र लिहिलं, ते बरोबर की चूक हे कसं ठरवायचं? इथे मला आपल्या न्यायशास्त्राची मदत होते. पॅटर्नचं सूत्र म्हणजे त्याचं लक्षण, आणि लक्षणाचे तीन दोष आपल्याकडे शतकानुशतकं शिकवले जात आहेत. उदाहरण गायीचं. "गाय म्हणजे जी तांबूस ती" म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. "जिला शिंगं ती" म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. "जिचं खूर एकसंध ती" म्हटलं तर एकही गाय बसत नाही, हा असंभव. पॅटर्नच्या सूत्राला हे तिन्ही दोष होतात, आणि मी प्रत्येक सूत्र याच तीन चाळण्यांतून काढतो.

अव्याप्ती: सिंगलटन. सगळे लिहितात, "क्लासची नेमकी एकच वस्तू असते." मग पहिल्यांदा मागितल्यावरच वस्तू बनवणारा सिंगलटन या व्याख्येत बसत नाही, कारण मागेपर्यंत वस्तूंची संख्या शून्य असते. हवं होतं ते "जास्तीत जास्त एक":

∀ क, ख : □ ( वस्तू(क) ∧ वस्तू(ख) ⇒ क = ख )

आणि सोबत, जो मागेल त्याला वस्तू मिळेलच.

असंभव: ऑब्झर्व्हरबद्दल एका मुलानं लिहून आणलं होतं, "फलकावरचा आकडा नेहमी भावाइतकाच असतो." भाव बदलल्यावर फलकाला कळेपर्यंत एक पायरी जाते, त्या पायरीवर दोन्ही वेगळे असणारच. म्हणजे ज्या मोंढ्यात भाव कधीच बदलत नाही तिथेच हे सूत्र पाळलं जाईल. "भाव बदलायचा थांबला तर फलक कधीतरी त्याच्याशी जुळेल आणि मग जुळलेलाच राहील" असं म्हटलं की सूत्रात जीव येतो. याच्या जवळचाच एक सापळा आहे. डावी बाजू कधी खरीच होत नसेल तर "जर-तर"चं विधान आपोआप खरं ठरतं. आमच्या गावातले सगळे हत्ती पांढरे आहेत, हे तर्काला मान्य आहे, कारण गावात हत्तीच नाही. सूत्र तपासणाऱ्या साधनानं "सूत्र पाळलं गेलं" असं सांगितलं की आधी बघा, त्या तपासणीत कोणी जोडलेलं तरी होतं का.

अतिव्याप्ती सगळ्यात अवघड. स्ट्रॅटेजी आणि स्टेट यांच्या क्लास आकृत्या शेजारी ठेवा. नावं झाकली तर ओळखू येत नाहीत. म्हणजे रचनेचं कोणतंही सूत्र लिहा, स्ट्रॅटेजीच्या लक्षणात स्टेट शिरणार. कोड वाचून पॅटर्न ओळखणारी साधनं नुसत्या रचनेवर चालली की "ज्याच्या हाती ससा तो पारधी" असं होतं: इंटरफेसचा संदर्भ धरलेला दिसला की ठोकला स्ट्रॅटेजीचा शिक्का. फरक वागण्यात आहे. स्ट्रॅटेजीत धोरण बदलतं ते बाहेरच्यानं सांगितल्यावर. स्टेटमध्ये काम करता करता वस्तू आपणहून एका स्थितीतून दुसरीत जाते. पहिलं विधान □ घालून लिहिता येतं, कारण ते प्रत्येक धावेबद्दल, म्हणजे प्रोग्राम सुरुवातीपासून ज्या ज्या वाटेनं चालू शकतो तिच्याबद्दल, आहे. दुसरं "अशी निदान एक तरी धाव आहे" असं आहे. प्नुएलींच्या रेषीय लॉजिकमध्ये सूत्र सगळ्या धावांना लागू असतं, "एखादी तरी" म्हणता येत नाही. त्यासाठी फाटे फुटणाऱ्या काळाचं लॉजिक, म्हणजे सीटीएल लागतं, किंवा साधनालाच म्हणायचं की अशी एक धाव शोधून दाखव. तुमच्या प्रोजेक्टमध्ये फक्त ही एक तुलना नीट केली तरी मला तो चांगला प्रोजेक्ट वाटेल.

एवढं करूनही पॅटर्नचा हेतू सूत्रात येत नाही. टीका करणारे म्हणतात की पॅटर्न ही माणसांनी माणसांना सांगायची गोष्ट आहे, तिला सूत्रात कोंबू नका. मला हे अर्धं पटतं. पॅटर्न ही कल्पना वास्तुविशारद क्रिस्टोफर अलेक्झांडर यांच्याकडून आली, आणि त्यांच्याकडे परिस्थिती, तिथली ओढाताण आणि उत्तर हे तिन्ही मिळून पॅटर्न होतो. आपली माळवदाची घरं आठवा. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि मातीचा जड थर. ऊन कडक, पाऊस बेताचा, त्या परिस्थितीला हे शहाणं उत्तर होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि त्याच जड माळवदांखाली, त्याच मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसं गेली. भिंतीची जाडी, छताचा थर हे सगळं मोजून सूत्रात लिहिता आलं असतं. "जमीन हलणार नाही" हे गृहीतक मात्र कोणी उच्चारलंच नव्हतं.

म्हणून हेतू लिहिता येत नसला तरी गृहीतकं लिहा, असं मी आग्रहानं सांगतो. ती ⇒ च्या डाव्या बाजूला जातात. "कळवणं चालू असताना यादी बदलत नाही" हे आमच्या लूपचं गृहीतक होतं. "निरीक्षक कळल्यावर सब्जेक्टला परत बदलत नाही" हे आणखी एक. ते मोडलं तर कळवण्याचं चक्र थांबेलच असं नाही. डावी बाजू लिहिली की ती खरी आहे का हे विचारणारं कोणीतरी भेटतं.

सुरुवात कुठून करायची? एकच पॅटर्न घ्या, ऑब्झर्व्हरच घ्या. आधी तो मराठीत लिहा. हे मी मातृभाषेच्या प्रेमापोटी सांगत नाही. "जो जो... त्याला त्याला", "जेव्हा जेव्हा... तेव्हा तेव्हा" ही आपली वाक्यरचना म्हणजे जवळपास तयार ∀ आणि ⇒ आहे. वाक्य या साच्यात बसत नसेल तर समजा की तुमचं अजून ठरलेलं नाही. मग ॲलॉय हे साधन घ्या. डॅनियल जॅक्सन आणि त्यांच्या एमआयटीमधल्या गटानं केलेलं आहे, फुकट मिळतं, आणि २०२१ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात □ आणि ◇ यांच्या अर्थाचे काळाचे ऑपरेटरही आले आहेत. त्याला म्हणायचं, एक सब्जेक्ट, तीन निरीक्षक, दहा पायऱ्या, एवढ्यात माझं सूत्र मोडून दाखव. फर्स्ट ऑर्डर लॉजिकमधलं कोणतंही सूत्र वैध आहे की नाही हे ठरवणारी सरसकट रीत असू शकत नाही, हे चर्च आणि ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच दाखवलं आहे. म्हणून ॲलॉय छोट्या मर्यादेत सगळ्या शक्यता चाळतं. चुका बहुधा छोट्या उदाहरणातच दिसतात या भरवशावर ते उभं आहे. आमची चूक तीन निरीक्षकांत दिसली असती, आणि चौथा लागलाच नसता.

टीएलए प्लस, म्हणजे टीएलएवर उभी असलेली भाषा, हेही चांगलं आहे. ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी २०११ पासून आपल्या क्लाउड सेवांसाठी ते वापरलं आणि २०१५ मध्ये त्यावर लिहिलंही, त्यामुळे हे फक्त प्राध्यापकांचं काम आहे असं कोणी म्हटलं तर हे उदाहरण द्या. पण एका सेमिस्टरमध्ये दोन्ही साधनं धरू नका.

सगळे तेवीस पॅटर्न मांडायच्या भरीलाही पडू नका. फसाड, ॲडॉप्टर यांची सूत्रं लिहून मला कधी नवं काही कळलं नाही. जिथे काळ आहे, एकाच वेळी दोन गोष्टी चालतात, किंवा पैशाचा हिशेब आहे, तिथे मेहनत फळाला येते: ऑब्झर्व्हर, स्टेट, कमांड, प्रॉक्सी. दोन पॅटर्न एकत्र आले की तर आणखीच. दोघांची सूत्रं ∧ लावून जोडा आणि ॲलॉयला विचारा, हे दोन्ही पाळणारी निदान एक धाव आहे का, जिच्यात काहीतरी बदलतंही. "नाही" असं उत्तर आलं तर तो असंभव तुम्हाला कोड लिहायच्या आधी सापडला.

अहवालात मात्र एक कराच. सूत्र पहिल्यांदा मोडलं तेव्हा ॲलॉयनं जी धाव दाखवली, ती जशीच्या तशी छापा: पहिल्या पायरीला कोण जोडलेलं होतं, कितव्या पायरीला कोण निघून गेलं, कोणाला कळवायचं राहिलं. आणि तिच्याखाली तुमचं आधीचं मराठी वाक्य व नंतरचं, दोन्ही लिहा. तोंडी परीक्षेला मी असतो तर बाकीची पानं नंतर चाळली असती, आधी त्याच पानावर थांबलो असतो.